पेलाभर बुद्धी

फिरत्या टॉकीजमध्ये मी अकरा वर्षं ऑपरेटर होतो. त्यानंतर रिटायर होईपर्यंत लोणावळ्याच्या एका पक्क्या थिएटरात. संपादकांनी दिवाळी अंकासाठी तंबूतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत आणि चारचौघांत मी त्या रंगवून सांगतोही. सोमाटण्याला एक आजोबा रोज तिकीट काढून यायचे आणि पडद्याकडे पाठ करून बसायचे, तोंड माझ्या मशीनकडे. चौथ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "समदी तितं बघत्यात. म्या म्हन्लं, येतंय कुटनं ते बघावं." अकरा वर्षांत माझ्याकडे तोंड करून बसलेला तो एकटाच प्रेक्षक, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. पण असं एखाद-दुसरं लिहून झालं की पेन अडतं, कारण मळवलीचा मुक्काम आठवतो. म्हणून तोच आधी लिहून टाकतो.

ज्यांनी तंबू पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मोकळ्या वावरात कनातीचा तंबू, मधोमध दोरी, दोरीच्या एका अंगाला बाया आणि दुसऱ्या अंगाला पुरुष. गावात वीज असली-नसली तरी आमचं अडत नसे. आमचा डायनामो मालकाच्या ट्रकवर बसवलेला होता आणि ट्रकच्या इंजिनावर चालायचा. म्हणजे ट्रक उभा राहून घरघरतोय तोवर सिनेमा. ट्रक हलला की सगळा अंधार. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या, त्यांचा प्रकाश पडद्यावर जायचा. त्या जळून आखूड होतील तशा हाताने पुढे सरकवत राहावं लागे. नजर हलली की पडद्यावरची नटी पिवळी पडायची आणि पुरुषांच्या बाजूने माझ्या खानदानाची चौकशी सुरू व्हायची.

पक्क्या थिएटरात दोन मशीन असतात. आमच्याकडे एकच. त्यामुळे प्रत्येक रीळ संपल्यावर चार-पाच मिनिटं पडदा कोरा. त्या वेळात मी माइकवर बोलायचो. सिनेमा इंग्रजी असला तर रीळ चालू असतानाही बोलायचो, कारण गोष्ट सांगणारा दुसरा कोणी नव्हता. माझं इंग्रजी म्हणजे मॅट्रिक नापासाचं. पण सिनेमा दोनदा पाहिला की मला गोष्ट जमायची, आणि जी जमायची नाही ती मी जमवायचो. खरं सांगायचं तर लोक सिनेमापेक्षा मला ऐकायला येतात असा माझा समज होता. मालक रतनशेठ मला 'मास्तर' म्हणायचे आणि तो समज मोडत नसत, कारण त्यासाठी ते मला वेगळं काही देत नव्हते.

मळवलीच्या मुक्कामाच्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे साठानंतरच्या चार-पाच वर्षांत कधीतरी, रतनशेठनी मुंबईहून एक परदेशी विनोदी सिनेमा स्वस्तात उचलून आणला. रंगीत होता, घरच्या सगळ्यांनी बघावा असा. कॉलेजातला एक ढ विद्यार्थी. मास्तर त्याला हाकलायच्या बेतात असतात. एकदा तो प्रयोगशाळेत सरबत समजून पेल्यातलं काहीतरी पिवळं पितो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला सगळंच येऊ लागतं. फळ्यावरची गणितं पाहता पाहता सोडवतो, नकाशा न बघता जगातल्या नद्या सांगतो. मग त्याच्या मागे चोर लागतात, प्रोफेसर लागतात, एक पोरगी लागते. मी त्याचं नाव बाळ्या ठेवलं आणि बोर्डावर सिनेमाचं नाव रंगवलं, 'बुद्धीचा बंब'.

पेल्यात काय होतं ते त्या गोऱ्या प्रोफेसरने सांगितलं असणार, पण मला ते कळलं नव्हतं. तेव्हा मी आमच्या घरचं औषध त्यात घातलं. लहानपणी परीक्षेच्या आधी आम्हाला मालकांगोणीचं तेल द्यायचे, बत्ताशावर दोन थेंब. बुद्धी वाढते म्हणून. मावळातल्या डोंगरात ही वेल सगळीकडे आहे आणि तिच्या बियांचं तेल वाड्यावस्त्यांवर घरोघर असतं, सांध्यांना चोळायला. त्यामुळे मी माइकवर "बाळ्याने प्यायलं मालकांगोणीचं तेल, पेलाभर, एका दमात" म्हटलं की तंबू हसून लोळायचा. पेलाभर तेल कोणी पिऊ शकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मी तसं धरून चाललो होतो.

मळवली स्टेशनाच्या दक्षिणेला, भाजे गावाच्या वाटेवर आमचा तंबू होता. लोहगडवाडीहून सुभद्रा नावाची एक बाई तीन दिवस ओळीने आली. वय बावीस-तेवीस असेल. दोरीला खेटून बसायची आणि बाकीच्या हसत तेव्हा हसायची नाही. तिसऱ्या दिवशी सिनेमा सुटल्यावर ती माझ्या मशीनपाशी आली. मी रीळ उलटं गुंडाळत होतो.

"भाऊ, त्यानं ते त्येल किती पिलं?"

"पेलाभर," मी म्हणालो. "दिसलं नाही का? एका दमात."

"आन् कवा? परीक्षेच्या आदल्या दिशी?"

"आदल्या दिवशी. दिवस मावळताना."

"माजी फायनल हाय सोमवारी," ती म्हणाली आणि मान डोलावून गेली. मला वाटलं, बाई थट्टेला थट्टा करून गेली. तसं वाटण्याचं काही कारण नव्हतं. तिचा चेहरा मी नीट पाहिलाही नव्हता, रीळ गुंडाळताना नजर हातावर ठेवावी लागते.

रविवारी पहिल्या खेळाचं दुसरं रीळ चालू असताना तंबूच्या तोंडाशी गलका झाला. चौघा जणांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली होती आणि त्या झोळीतून एका बाईला लोहगडवाडीवरून खाली आणलं होतं. पुण्याकडची गाडी नुकतीच गेली होती, पुढच्या गाडीला दीड-दोन तास होते. पंचक्रोशीत उभं असलेलं एकच वाहन म्हणजे आमचा ट्रक. बाईचा भाऊ महादू रतनशेठच्या पाया पडत होता. शेठ म्हणत होते, आत चारशे माणूस आहे, अर्ध्यात अंधार केला तर तंबू फाडतील.

मी मशीनवरून वाकून पाहिलं. कंदिलाच्या उजेडात तो चेहरा मला या वेळी नीट दिसला. डोळे अर्धवट मिटलेले, हनुवटीवर पिवळा ओघळ. मला त्या तेलाचा वासही आला. माझे हात कांड्यांवरून निघाले. पडदा पिवळा पडला, मग काळा. मी माइक घेतला आणि सांगितलं की लोहगडवाडीची सुभद्रा अत्यवस्थ आहे, ट्रक लागणार आहे, याच तिकिटावर उद्या खेळ पुरा दाखवू. मालकाला न विचारता असं बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. तंबू फाटला नाही. बायांनीच आधी उठून वाट केली.

रतनशेठ चालवायला बसले. मी आणि महादू मागे, डायनामोशेजारी सुभद्राला धरून. फाटकाशी आलो तर फाटक बंद. घाटातून वर आलेली मालगाडी संथपणे चालली होती, डबे संपेनात. महादू तेवढ्या वेळात बोलत राहिला. सुभद्राच्या नवऱ्याने दुसरी केली होती आणि आता राबायला माणूस कमी पडतं म्हणून हिला परत बोलावत होता. हिने सातवीची फायनल द्यायचं घेतलं होतं. पास झाली तर शाळेवर मास्तरीण म्हणून लागेल, स्वतःच्या भाकरीची होईल. दोनदा गणितात गेली होती. महादूने तिला सांगितलं होतं, ही तिसरी बारी, या वेळी गेली तर नवऱ्याच्या घरी नेऊन सोडीन.

"म्याच बोललो वो तिला," तो म्हणाला. "म्हनून तिनं जीव द्यायचं मनावर घेतलं. घरात कोन न्हवतं, काय पिली ठावं न्हाई."

मला ठाऊक होतं. फाटक उघडेपर्यंत मी ते सांगू शकलो असतो. मी घोंगडीचं टोक सारखं करत बसलो.

कामशेतच्या डॉक्टरांनी तिला बाकावर घेतलं आणि भराभर विचारायला सुरुवात केली. काय घेतलं, किती घेतलं, किती वेळ झाला. महादू म्हणाला, शेजाऱ्याकडे पिकावर मारायच्या औषधाचा डबा आहे. डॉक्टर म्हणाले, ते असेल तर उतारा वेगळा, आणि ते नसेल तर तोच उतारा हिला सोसणार नाही. त्यांनी सुई उकळायला ठेवली. पोलीस चौकीला निरोप धाडला, कारण विषाच्या केसमध्ये तो धाडावाच लागतो.

रतनशेठ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. माइकवरचं माझं बोलणं ते रोज ऐकत होते आणि वासावरून त्यांनाही उमगलं होतं. वाडीवरच्या सगळ्यांच्याच अंगाला तो वास असतो, म्हणून महादूला किंवा डॉक्टरांना त्यावरून काही सुचलं नव्हतं. माझा दंड धरून हळूच म्हणाले, "लायसन मामलेदाराच्या हातात आहे, मास्तर. तोंड उघडू नका. डॉक्टर बघून घेतील."

मी तोंड उघडलं नाही. पाच मिनिटं असतील, सात असतील. माझी नोकरी, तंबूतल्या बारा माणसांची पोटं, सगळं मनात आणलं, आणि ते सगळं खरंही होतं. पण खरं कारण असं की महादूसमोर ते सांगायची मला लाज वाटत होती. आतून ओकाऱ्यांचा आवाज येत होता आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा होतो. ती पाच-सात मिनिटं मी कोणाला कधी सांगितली नाहीत. आज लिहितोय.

हवालदार आले. वयस्क, शांत माणूस. त्यांनी वही उघडली, नाव-गाव लिहिलं आणि महादूला विचारलं, घरात भांडण होतं का? महादू रडतच हो म्हणाला. हवालदार मोठ्याने बोलत लिहीत होते, "घरगुती कारणावरून जीव देण्याच्या इराद्याने." आत्महत्येचा प्रयत्न हा त्या वेळी गुन्हा होता. हे एकदा कागदावर उतरलं की ती वाचली तरी उद्या परीक्षेला नाही, चौकीवर. आणि असा शेरा असलेल्या बाईला शाळेवर कोण घेणार? डॉक्टर आतून सुई भरून बाहेर डोकावले आणि म्हणाले, आता थांबता येणार नाही.

"मालकांगोणीचं तेल आहे ते," मी म्हणालो. "पेलाभर. मीच सांगितलं होतं तिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, सुई ठेवून दिली आणि आत जाऊन पोट धुवायची नळी मागवली. पुढे त्यांनी मला 'बरं झालं वेळेवर बोललात' असं म्हटलं. वेळेवर मी बोललो नव्हतो.

हवालदारांना ते पटलं नाही. सिनेमात सांगितलं म्हणून बाई पेलाभर तेल पिते हे त्यांनी अजून ऐकलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, मालकाची माणसं मिळून बाईला वाचवायला काहीतरी रचताहेत. त्यांनी मला विचारलं, असं काय सांगितलं होतंत? मी थोडक्यात सांगू लागलो तर म्हणाले, "तसं नाही. तंबूत जसं बोलता तसं बोलून दाखवा."

दवाखान्याच्या पडवीत, कंदिलाखाली, मी 'बुद्धीचा बंब' सुरू केला. बाळ्या कसा ढ, मास्तरांनी त्याचा कान कसा पिळला, प्रयोगशाळेत तो मांजराच्या मागे कसा शिरला. मी आवाज काढायचो तेही काढले, कारण आवाजाशिवाय ती वाक्यं मला येतच नव्हती. कुणी हसलं नाही. महादू माझ्याकडे तोंड उघडं टाकून पाहत होता. त्याला आता समजत चाललं होतं. रतनशेठनी पाठ फिरवली. एवढं वाईट कथन मी आयुष्यात केलं नसेल. "आणि मग बाळ्याने पेला उचलला," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना.

आतून आवाज आला. चिरका, मोडका, पण शब्द स्वच्छ. "पेलाभर. एका दमात."

हवालदार उठून दारापाशी गेले. सुभद्रा डोळे मिटूनच बोलली, "म्या मराया न्हाई पिले, दादा. उद्या पेपर हाय."

हवालदारांनी वहीतलं पान फाडलं नाही, तसं करता येत नसावं. त्यांनी आधीची ओळ खोडून तिथे लिहिलं की घरगुती औषध चुकून जास्त घेतलं गेलं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं आणि जे बोलायचं ते बोलले. ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. महादू उठून आत सुभद्रापाशी जाऊन बसला.

सकाळी ती उठून बसली. डॉक्टर नको म्हणत होते. ती म्हणाली, बसून तर लिहायचं आहे. वडगावला अकराला गणिताचा पेपर होता. रतनशेठनी स्वतःच ट्रक दवाखान्याच्या दाराशी आणून लावला आणि मला खूण केली. महादू मागे चढला, सुभद्रा पुढे आमच्या दोघांच्या मध्ये बसली. चेहरा कागदासारखा झाला होता. मांडीवर डॉक्टरांकडून मागून घेतलेली पट्टी आणि दौत-टाक.

अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "भाऊ, समदं उलटून पडलं. आता आत कायबी ऱ्हायलं नसंल?"

त्या सिनेमाचं शेवटचं रीळ खराब होतं. कडेची भोकं फाटली होती, म्हणून मी त्यातला दहा मिनिटांचा तुकडा कापून डब्यात ठेवला होता. त्या तुकड्यात बाळ्याचं औषध प्रश्नोत्तरांच्या भर स्पर्धेत उतरतं. तो घाबरतो, घामाघूम होतो, आणि मग शेवटचा प्रश्न स्वतःच्या डोक्याने सोडवतो. आम्ही दाखवत होतो ते त्याच्या पुढचं, नुसता बक्षीस समारंभ. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. तेल, पेला, सगळं मी बनवलेलं आहे आणि तुला जे येतं ते तुझंच आहे, एवढं सांगायचं होतं. पण रात्रभर मरणाच्या दारात राहून आलेली बाई, आता तिच्या हातातली ती एवढीशी आशाही काढून घ्यायची? आणि दुसरंही होतं. हवालदारापुढे मी 'मी असं सांगितलं' एवढं कबूल केलं होतं. जे सांगितलं तेच खोटं होतं, असं तिला अजून कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते मला तिच्या तोंडावर म्हणवेना.

"थोडं तरी भिनलंच असेल," मी म्हणालो.

तिच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. रतनशेठनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.

आमचा तंबू तिथून लवकरच उठला. रतनशेठनी मला काढलं नाही, पण माइक काढून घेतला, आणि ते योग्यच केलं. पावसाळ्यात कुणाकडून तरी कळलं की सुभद्रा गणितात गेली आणि महादूने तिला पवना नदीकडे नवऱ्याच्या घरी पोचवलं. मी मनाला सांगितलं, दोनदा गेलेलीच होती, तिसऱ्यांदा गेली. बाईचा जीव तर वाचला, तिच्या नावावर गुन्हा लागला नाही. बरीच वर्षं मी हे असंच सांगत आलो, मित्रांनासुद्धा, आणि ऐकणारे माझी पाठ थोपटत.

नंतर मी लोणावळ्याच्या थिएटरात लागलो. तिथे एका दुपारी खेळाआधी मी खाली चहा घेत उभा होतो. एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीच्या पाठीला दप्तर होतं. बाई माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तंबूतलं भाऊ न्हवं?"

मी ओळखलं. ती बरी होती, निदान तसं म्हणाली. सवत गेली, नवरा आता सांभाळून असतो, मुलगी पाचवीत आहे, हुशार आहे. मी विचारायला नको होतं, पण विचारलं, परत परीक्षा नाही का दिलीस? ती म्हणाली, तिथून कोण पाठवणार. मग मी म्हणालो की त्या दिवशी तब्येतच नव्हती, बसलीस हेच खूप.

"तबेत न्हाई वो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, एखादी राहून गेलेली गोष्ट सांगावी तसं ती बोलत होती. "पेपर हातात घेतला आन् नुसती बसून ऱ्हायले. तुमी म्हन्ला व्हता, थोडं भिनलं असंल. म्हन्लं, आता वर चढंल, मग लिवू. असा तास गेला, दीड तास गेला. मास्तरीणबाई दोनदा येऊन बगून गेल्या. शेवटाला घाबरून तीन गणितं केली तवर घंटा झाली."

तिने मुलीचा हात धरला, कारण थिएटरचं दार उघडलं होतं.

"घरी आले, चुलीपाशी बसले आन् तोच पेपर पुन्यांदा केला," ती म्हणाली. "धाच्या धा गणितं सुटली, भाऊ. मला येत व्हती."